मेंडेलीव्हचा रुमाल

शाळेतल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक मोठा चौकटीचौकटींचा तक्ता टांगलेला असतो. त्याच्याकडे कुणी आपणहून बघितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्याच्याकडे बघायला लावतात. दिसायला तो थेट पंचांगासारखा. तशीच घरांची गर्दी, तसेच बारीक आकडे, तशीच न कळणारी अक्षरं, आणि तो वाचता येणारा माणूसही तसाच गावात एखादा. फरक इतकाच, की पंचांग वाचणाऱ्याला आपण दक्षिणा देतो आणि हा तक्ता वाचणाऱ्या मास्तरांना टोपणनाव देतो.

पण पंचांगाशी त्याचं जे खरं साम्य आहे ते कुणी सांगत नाही. या तक्त्यातही भविष्य लिहिलेलं होतं. पंचांगातलं भविष्य वर्षअखेरीला पडताळून बघण्याचा उद्योग सहसा कुणी करत नाही, म्हणून तर ते दरवर्षी नव्याने खपतं. या तक्त्यातलं भविष्य मात्र लोकांनी तराजूत घालून तपासलं. आणि एकदा तर असं झालं, की भविष्य बरोबर निघालं आणि तराजू चुकला! भविष्य सांगणारा रशियात होता, तराजूवाला फ्रान्समध्ये. पण तिथवर जायचं तर थोडं मागून यायला हवं.

हे जग मुळात कशाकशाचं बनलं आहे, याची यादी करण्याची हौस माणसाला फार जुनी. आपल्याकडे पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश अशी पाच महाभूतं झाली. ग्रीकांनी चारांवर भागवलं. पुढे फ्रान्समध्ये लाव्हाझिए नावाच्या गृहस्थाने १७८९ साली तेहतीस मूलद्रव्यांची यादी छापली. तीत प्राणवायू होता, गंधक होतं, सोनं होतं, आणि प्रकाश आणि उष्णता हेही होते. लाव्हाझिए तराजूच्या बाबतीत अत्यंत काटेकोर माणूस. दुर्दैवाने तो राजासाठी कर वसूल करणाऱ्या मंडळींतला भागीदारही होता. फ्रेंच क्रांतीच्या लोकांनी १७९४ साली त्याचा शिरच्छेद केला. करवसुलीच्या माणसाला मूलद्रव्यांची यादी वाचवू शकत नाही, हा त्यातला बोध.

त्यानंतर इंग्लंडात जॉन डाल्टन आला. हा मुळात शाळामास्तर. अणूची कल्पना जुनीच होती. आपल्याकडे कणादांनी ती मांडली, ग्रीसमध्ये डेमॉक्रिटसने. पण डाल्टनने १८०३ सालापासून एक अगदी वाण्याच्या पोटचा प्रश्न विचारला : अणू असतात ते ठीक, पण प्रत्येकाचं वजन किती? आता अणू दिसत नाही, चिमटीत येत नाही. त्याचं वजन करायचं कसं?

इथे मी फराळाचा आधार घेतो. समजा, शेजारच्या काकूंकडून दिवाळीच्या फराळाचे डबे आले आहेत. प्रत्येक डब्यात लाडू आणि शंकरपाळे. डबा उघडून नग मोजायची परवानगी नाही. एवढंच कळतं, की शंकरपाळ्यांचं वजन एक भाग असेल तर लाडवांचं आठ भाग. मग एक लाडू एका शंकरपाळ्याच्या किती पट जड? डब्यात एक लाडू आणि एकच शंकरपाळा असेल, तर आठपट. पण एका लाडवामागे दोन शंकरपाळे असतील, तर सोळापट! म्हणजे नुसतं वजन कळून भागत नाही, काकूंचा स्वभावही कळावा लागतो.

पाण्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं. हायड्रोजन एक भाग, ऑक्सिजन आठ भाग, हे तराजू सांगत होता. पण पाण्याच्या डब्यात नग किती? डाल्टन मोठा साधा माणूस. दुसरा पुरावा नसेल तर एकास एक धरावं, असा त्याचा हिशेब. म्हणून त्याच्या यादीत ऑक्सिजन निम्म्या वजनाचा झाला. दुसऱ्यांनी एकास दोन धरलं. मग ज्याचा त्याचा अणुभार निराळा आणि ज्याची त्याची सूत्रं निराळी. १८६१ साली केकुले नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात साध्या ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणाऱ्या आम्लाची, त्या काळी चालू असलेली सूत्रं एकत्र दिली. ती एकोणीस भरली. 'कुलकर्णी' हे आडनाव इंग्रजीत लिहिण्याचे इतके प्रकार मीसुद्धा पाहिलेले नाहीत.

यावर तोडगा म्हणून सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूह इथे परिषद भरली. देशोदेशीचे सव्वाशेच्या वर रसायनशास्त्रज्ञ जमले. तीन दिवस चर्चा झाली. निष्पन्न काय झालं, तर शास्त्रातले प्रश्न मतदानाने सुटत नाहीत, एवढ्यावर एकमत. परिषदांची ही परंपरा आपल्याकडेही नीट रुजलेली आहे. पण निरोपाच्या वेळी एक गोष्ट झाली. कॅनिझारो नावाच्या इटालियन प्राध्यापकाने अणुभार कसे काढावेत यावर एक पुस्तिका लिहिलेली होती. त्याच्या मित्राने ती सगळ्यांना वाटली. परिषदेत फुकट मिळालेली पुस्तिका घरी जाऊन वाचणारी माणसं किती असतात, हे आपण जाणतो. इथे निदान दोघांनी ती वाचली. एक जर्मनीचा लोथार मायर. दुसरा सव्वीस वर्षांचा, दाढीवाला, सैबेरियात जन्मलेला दिमित्री मेंडेलीव्ह.

या मेंडेलीव्हची आई मला त्याच्याहून मोठी वाटते. १८३४ साली तोबोल्स्क गावी तो जन्मला, भावंडांत शेवटचा. त्याच वर्षी वडील आंधळे झाले आणि त्यांची हेडमास्तरची नोकरी गेली. आईने आपल्या माहेरचा बंद पडलेला काचेचा कारखाना पुन्हा चालू करून संसार ओढला. पुढे वडील वारले, मग कारखाना जळाला. तेव्हा तिने काय करावं? या शेंडेफळाला शिकवायचंच म्हणून सामान बांधलं आणि १८४९ साली घोड्यांच्या गाडीतून मॉस्को गाठलं. हे अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे. मॉस्कोच्या विद्यापीठाने प्रवेश नाकारला. मग ती त्याला घेऊन सेंट पीटर्सबर्गला गेली. तिथे १८५० साली वडिलांच्या जुन्या संस्थेत त्याला जागा मिळाली, आणि त्याच वर्षी ती वारली. पुढे कित्येक वर्षांनी त्याने द्रावणांवरचा आपला मोठा ग्रंथ तिलाच अर्पण केला. आपल्याकडे मुलाच्या ॲडमिशनसाठी वणवण करणाऱ्या आयांना या बाईंचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही.

१८६९ सालापर्यंत मूलद्रव्यांची संख्या त्रेसष्टावर गेली होती. त्यांना ओळीत कसं बसवावं, याचा विचार पुष्कळांनी केला होता. लंडनच्या न्यूलँड्सने अणुभाराच्या चढत्या क्रमाने मूलद्रव्यं मांडली, तेव्हा त्याला दिसलं, की दर आठवं मूलद्रव्य पहिल्याच्या वळणावर जातं. सा रे ग म प ध नी, की पुन्हा सा! १ मार्च १८६६ रोजी त्याने हे तिथल्या केमिकल सोसायटीपुढे वाचून दाखवलं. तेव्हा फॉस्टर नावाच्या प्राध्यापकाने विचारलं, की आपण ही मूलद्रव्यं आद्याक्षरांच्या क्रमाने लावून पाहिलीत का? सभेत कुणी काही नवं सांगितलं की मागच्या रांगेतून असा एक प्रश्न येतोच. सोसायटीने त्याचा निबंध छापलाही नाही. पुढे त्याने साखरेच्या कारखान्यात केमिस्टची नोकरी धरली.

पण न्यूलँड्सची खरी अडचण फॉस्टर नव्हती. त्याने एकही जागा मोकळी सोडली नव्हती. सरगम पुरी करायची म्हणून त्याने सगळी घरं भरून टाकली. काही घरांत तर दोन-दोन मूलद्रव्यं कोंबली. मग पुढच्या ओळींत भलतेच शेजारी झाले आणि सूर बिघडला.

त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, आपल्या कॅलेंडराप्रमाणे १ मार्च १८६९ रोजी, मेंडेलीव्ह चीजच्या कारखान्यांची पाहणी करायला निघणार होता. त्या काळी प्राध्यापकांना अशी कामं असत. त्याच कामासंबंधी आलेल्या पत्राच्या पाठीमागे त्याने मूलद्रव्यांच्या वजनांची आकडेमोड सुरू केली. ते पत्र अजून जपून ठेवलेलं आहे. त्या दिवशी चीज राहिलं आणि आवर्तसारणी झाली. विद्यार्थ्यांसाठी तो एक पाठ्यपुस्तक लिहीत होता आणि पुढच्या प्रकरणात कोणतं मूलद्रव्य कोणाच्या मागे घ्यावं, एवढाच त्याचा पेच होता. जगातला एवढा मोठा शोध प्रकरणं लावण्याच्या कटकटीतून निघाला, यावर पाठ्यपुस्तक मंडळातल्या कुणाचाही विश्वास बसायचा नाही.

मेंडेलीव्हनेही अणुभाराचा चढता क्रम घेतला आणि सारख्या स्वभावाची मूलद्रव्यं एका ओळीत आणली. मग त्याच्यापुढेही न्यूलँड्सचाच प्रसंग आला. जस्तानंतर वजनाच्या क्रमाने सोमल येत होतं. ते ॲल्युमिनियमच्या ओळीत बसवावं, तर स्वभाव जुळत नाही. त्याचं गोत्र उघडउघड फॉस्फरसचं. मधे दोन घरं रिकामी पडत होती. अशा वेळी चारचौघे काय करतात? थोडं सरका, थोडं सरका म्हणत मुक्कामापर्यंत निभावतात. मेंडेलीव्हने तसं केलं नाही. त्याने घरं रिकामीच ठेवली.

गणपतीच्या दिवसांत कोकणात जाणाऱ्या एस.टी.त ज्याने प्रवास केला आहे, त्याला ही गोष्ट लगेच कळेल. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून हात आत येतो आणि बाकावर रुमाल पडतो. माणूस अजून बाहेर आहे. कदाचित तो चहाच पीत असेल. पण त्या जागेवर बसायची कुणाची छाती नाही. मेंडेलीव्हने आवर्तसारणीत टाकले ते असे रुमाल. लोथार मायरनेही जागा सोडल्या होत्या, पण कोण येणार हे तो बोलला नाही. मेंडेलीव्हने १८७१ साली येणाऱ्या प्रवाशांचं वर्णनच छापून टाकलं. अमक्या जागेवरच्याचं वजन अडुसष्टच्या आसपास असेल, तो पाण्याच्या सुमारे सहापट जड असेल आणि थोड्या उष्णतेने वितळेल. म्हणजे रुमाल टाकून वर, पाहुण्याला आमसुलाचं सार आवडतं, हेसुद्धा सांगितल्यासारखं झालं.

आणि या न आलेल्या पाहुण्यांना त्याने नावं दिली ती संस्कृतात! ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या घरातला तो 'एका-ॲल्युमिनियम'. तसाच एका-बोरॉन, तसाच एका-सिलिकॉन. दुसऱ्या घरासाठी 'द्वि', तिसऱ्यासाठी 'त्रि'. रशियन माणसाला संस्कृत कुठून सुचलं? त्या काळी सेंट पीटर्सबर्ग हे संस्कृतचं मोठं पीठ होतं. पाणिनीची अष्टाध्यायी युरोपात छापणारा बॉथलिंक तिथल्या अकादमीत होता, आणि त्याचा नि रोटचा सात खंडांचा संस्कृत कोश तिथूनच प्रसिद्ध होत होता. वर्णांची मांडणी करणाऱ्या पाणिनीची सावली या मांडणीवर पडली असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तर्क म्हणून तो गोड आहे. पण हे वाक्य आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांपुढे उच्चारण्याची सोय नाही. आवर्तसारणी पाणिनीचीच, असं ते दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेताना सांगतील. पाणिनीने ती खरंच केली असती तर आमचं व्याकरण आणि रसायन एकाच पेपरात उरकलं असतं, हा माझा त्यावर मुद्दा आहे.

आता तो तराजू. १८७५ साली लकॉक द बॉइसबॉद्रान नावाच्या फ्रेंच गृहस्थाला जस्ताच्या खनिजात एक नवा धातू सापडला. त्याने त्याला आपल्या देशाच्या जुन्या नावावरून 'गॅलियम' म्हटलं. लॅटिनमध्ये 'गॅलस' म्हणजे कोंबडा, आणि 'लकॉक' म्हणजेही कोंबडाच. त्यामुळे गृहस्थांनी देशाच्या आडून स्वतःचंच नाव लावून घेतलं, असं लोक म्हणू लागले. त्यांनी ते साफ नाकारलं. मेंडेलीव्हने बातमी वाचली आणि फ्रेंच अकादमीला कळवलं, की हा माझा एका-ॲल्युमिनियम. सगळं जुळत होतं, एक गोष्ट सोडून. लकॉकने मोजलेली घनता होती ४.७. मेंडेलीव्हच्या कागदावर होती ५.९ ते ६. मेंडेलीव्हने कळवलं : तुमचा नमुना शुद्ध नसेल, पुन्हा मोजा.

आपण क्षणभर लकॉकच्या जागी उभं राहू. धातू त्याने शोधला. जगात तो होता फक्त त्याच्याजवळ, तोही चिमूटभर. ज्याने तो डोळ्यांनी पाहिला नाही, हाताला लावला नाही, असा एक दाढीवाला हजारो मैलांवरून सांगतो, की तुमचं माप चुकलंय. आपल्याकडे भाजीवालीला "जरा पुन्हा तोला" म्हटलं तर केवढं रामायण होतं! लकॉकने काय केलं? धातू पुन्हा शुद्ध केला, पुन्हा तोलला आणि उत्तर छापलं : ५.९.

या गोष्टीत सगळे मेंडेलीव्हला टाळ्या वाजवतात. मला लकॉकची पाठ थोपटावीशी वाटते. भविष्य सांगणारे जगात पुष्कळ. आपलंच माप दुसऱ्याच्या सांगण्यावरून पुन्हा घेणारा, आणि चूक निघाली तर ती आपल्या सहीने जाहीर करणारा माणूस दुर्मिळ. रिकामी जागा ठेवायला जितकं धैर्य लागतं, तितकंच तराजू दुसऱ्यांदा उचलायला लागतं. या दोघांची गाठ पडली म्हणून तो तक्ता भिंतीवर टिकला. एरवी तो चीजच्या पत्रामागेच राहिला असता. जाता जाता, थोड्या उष्णतेने वितळण्याचं भविष्यही खरं ठरलं. गॅलियम तीस अंशांच्या जरा अलीकडेच वितळतो. नागपूरला मे महिन्यात तो चमच्याने वाढावा लागेल.

मग रांगच लागली. १८७९ साली स्वीडनच्या निल्सनला स्कँडियम सापडलं, ते एका-बोरॉन. १८८६ साली जर्मनीच्या विंकलरला जर्मेनियम सापडलं, ते एका-सिलिकॉन. भविष्य होतं अणुभार ७२ आणि घनता ५.५, प्रत्यक्षात निघालं ७२ च्या किंचित वर आणि ५.५ च्या किंचित खाली. एका-मँगनीज मात्र १९३७ सालापर्यंत आलंच नाही, आणि आलं तेही माणसाने प्रयोगशाळेत घडवून. सहासष्ट वर्षं रुमाल जागचा हलला नाही!

सगळ्याच रुमालांवर प्रवासी आले, असं मात्र नाही. हायड्रोजनहूनही हलक्या मूलद्रव्यांसाठी त्याने टाकलेले रुमाल अजून तसेच पडून आहेत. ते प्रवासी जन्मालाच आलेले नव्हते. उलट काही मंडळी अशी आली, की त्यांच्यासाठी जागाच नव्हती. १८९४ साली रॅली आणि रॅमसे यांनी हवेतून आर्गॉन काढला. हा कुणाशी संयोग करीना. मेंडेलीव्ह म्हणाला, हे नवं मूलद्रव्य नसावं. नायट्रोजनचेच तीन अणू एकत्र बसले असावेत. पुढच्याच वर्षी रॅमसेला पृथ्वीवर हेलियम सापडला. हा खरा पहिल्यांदा दिसला सूर्यावर. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात आंध्रातल्या गुंटूरहून फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेनने सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला, त्या प्रकाशातल्या एका पिवळ्या रेषेची ही कुंडली. आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर याच ग्रहणाची आठवण म्हणून 'साहेबाचे ओटे' दाखवतात. ते अवश्य बघावेत. फक्त ज्या लॉकियरसाहेबांचं नाव तिथे घेतात ते त्या वर्षी इंग्लंडातच होते, आणि ती रेषा त्यांनी ऑक्टोबरात तिथूनच पाहिली, हे कुणाला सांगू नये. वाटाड्याचं मन दुखावतं.

मग निऑन आला, क्रिप्टॉन आला, झेनॉन आला. सगळे एकाच घराण्यातले. आपण त्यांना 'राजवायू' म्हणतो. कुणात मिसळायचं नाही, कुणाच्या हातचं घ्यायचं नाही. अखेर रॅमसेने तोडगा काढला, की यांच्यासाठी कडेला एक नवी ओळच करू. मेंडेलीव्हनेही ते मानलं. नवी ओळ घातल्यावर जुन्या कुणालाही उठावं लागलं नाही, हे पाहून तर मांडणीवरचा लोकांचा विश्वास वाढलाच.

एक भांडण शिल्लक होतं. टेल्युरियम वजनाने आयोडीनहून जड, पण स्वभावाने आधी बसायला हवं. मेंडेलीव्हने त्याला आधी बसवलं आणि म्हटलं, वजन चुकीचं मोजलं असेल. या वेळी मात्र तराजू बरोबर होता! जागा वजनावरून ठरतच नव्हत्या. १९१३ साली हेन्री मोस्लीने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवलं, की प्रत्येक मूलद्रव्याला त्याच्या अणुकेंद्रातल्या विद्युत्भाराचा एक पूर्ण आकडा आहे. आपल्या भाषेत, सीटवर नंबर छापलेलाच होता, आजवर कुणी वाकून वाचला नव्हता. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. तंटा मिटला. आणि हे दाखवणारा मोस्ली १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून मेला. वय सत्तावीस. या ठिकाणी विनोद करणं मला जमत नाही.

मेंडेलीव्हच्या बाकीच्या गोष्टी कादंबरीसारख्या आहेत. केस तो वर्षातून एकदाच कापून घेई. १८८७ साली ग्रहण बघायला म्हणून फुग्यात चढला. फुगा पावसाने भिजून जड झाला होता, दोघांचं ओझं घेईना. तेव्हा याने वैमानिकाला खाली उतरवलं आणि आयुष्यात कधी फुगा न चालवलेला हा गृहस्थ एकटाच ढगांत गेला. सुखरूप खालीही आला. व्होडकात चाळीस टक्के मद्यार्क असावा, हे त्याने ठरवलं, असं म्हणतात. तो प्रबंध त्याने १८६५ साली लिहिला खरा, मद्यार्क आणि पाणी यांवरच. पण चाळीसचा आकडा तो शाळकरी असल्यापासूनच चालत आलेला होता. काही लोकांच्या नावावर पुण्य आपोआप जमा होतं.

विद्यार्थ्यांचा एक अर्ज मंत्र्यांकडे पोचवण्यावरून १८९० साली त्याला प्राध्यापकी सोडावी लागली. मग सरकारने त्याला वजनमापांच्या खात्यावर नेमलं. हा मला या गोष्टीतला सर्वांत न्याय्य योग वाटतो. ज्याने जगाला "पुन्हा मोजा" सांगितलं, त्याच्याच हातात एका साम्राज्याचे तराजू आले. रशियात मेट्रिक मापं यावीत म्हणून तो झटला. १८९९ साली ती ऐच्छिक म्हणून कायद्यात आली. सक्तीचा हुकूम निघाला १९१८ साली, तो गेल्यावर अकरा वर्षांनी. यात रशियाला हसायचं कारण नाही. आपल्याकडे कायदा १९५६ सालचा, किलोची वजनं बाजारात यायला लागली १९५८ पासून. शेर गेला, मण गेला. पण सोन्याच्या पेढीवर आजही तोळाच चालतो. पूर्वी तो साडेअकरा ग्रॅमच्या वर होता, आता सोयीने दहा ग्रॅमचा झालाय. माप बदललं तरी शब्दाने जागा सोडलेली नाही.

१९०६ साली रसायनशास्त्राच्या नोबेल समितीने मेंडेलीव्हचं नाव सुचवलं. स्वीडनच्या अकादमीत विरोध झाला. आवर्तसारणी आता फार जुनी झाली, असा एक मुद्दा निघाला. बक्षीस गेलं फ्लोरीन वेगळा करणाऱ्या म्वासाँला. फेब्रुवारी १९०७ मध्ये मेंडेलीव्ह वारला आणि त्याच महिन्यात म्वासाँही. मेंडेलीव्हच्या अंत्ययात्रेत विद्यार्थ्यांनी आवर्तसारणीचा तक्ता उंच धरला होता. नोबेलविजेत्यांची यादी आपल्याला पाठ नसते. तो तक्ता मात्र प्रत्येक शाळेत आहे. १९५५ साली अमेरिकेत, रशियाशी शीतयुद्ध ऐन रंगात असताना, अमेरिकन शास्त्रज्ञांनी नव्या १०१ व्या मूलद्रव्याला त्याचं नाव दिलं : मेंडेलीव्हियम.

२०१६ साली आणखी चार नावं पक्की झाली आणि ११८ पर्यंतच्या सगळ्या जागा भरल्या. सातवी ओळ पूर्ण झाली. तक्ता पहिल्यांदाच असा गच्च दिसतो आहे, एकही घर रिकामं नाही. आता नव्या ओळीत पहिली जागा ११९ ची. तिच्यावर बसणाऱ्याला घडवण्यासाठी जपानात २०१८ पासून प्रयत्न चालू आहेत. अधिकृत दप्तरात त्याला नुसत्या अंकावरून केलेलं एक लांबलचक तात्पुरतं नाव आहे. पण जाणकार मंडळी त्याला अजूनही जुन्या पद्धतीने हाक मारतात. फ्रान्सियमच्या खालचं घर, म्हणून 'एका-फ्रान्सियम'. प्रवासी यायचा आहे, गाडी उभी आहे, आणि बाकावर रुमाल आहे तो संस्कृतच.